परदेशची शिक्षकी सोडून येणाऱ्यांविषयी



परदेशी अध्यापन करणारा आपला एखादा मुलगा परत येऊ म्हणतो, तेव्हा अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून पहिला प्रश्न निघतो, ‘इकडे जागा कोठे?’ हा प्रश्न नवा नव्हे. वर्ध्याचे क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात प्राध्यापक होते. मक्यावरील त्यांच्या संशोधनाची तेथे कदर झाली. दिएगो रिव्हेरासारख्या चित्रकाराने त्यांस आपल्या भित्तिचित्रात रेखाटिले. १९५५ साली ते स्वदेशी परतले, तेव्हा हिंदुस्थानात एकही कृषी विद्यापीठ नव्हते; पहिले निघाले ते १९६० साली, पंतनगरास. आपल्या अकोल्याचे १९६९ चे. डॉक्टर तर १९६७ सालीच नागपुरास निवर्तले. अवघे दोन वर्षांचे अंतर! आम्हां शिक्षकांस याची हळहळ वाटते.

आज विद्यापीठे आहेत. परंतु जाहिरात निघेतो थांबावे लागते. म्हणून राजीनाम्यापूर्वीच अनुभवाचा दाखला तेथील अधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यानिशी हाती घ्यावा. मागाहून पत्रव्यवहारात महिने जातात. आणि मुलगा काही दिवस घरी बसला, तर वडीलधाऱ्यांनी त्यास टोचून बोलू नये. जाहिरातींची कात्रणे आम्ही जपून ठेवितो. ज्यांस हवी असतील त्यांनी संकोच न करिता मागून न्यावीत.