तेलाची बुधली आणि तबकडीचा ब्रेक



या व्यासपीठावरून राज्यघटनेवर, संतवाङ्मयावर, अर्थकारणावर विद्वानांची व्याख्याने होतात. त्या पंक्तीत आज सायकलच्या ब्रेकलाही पाट मांडून मिळाला, याबद्दल मी व्यवस्थापक मंडळींचा आभारी आहे. विषय लहान आहे खरा. पण उतारावरून भरवेगाने खाली येणाऱ्या मुलाला त्या क्षणी जगात याहून मोठा विषय नसतो.

पूर्वीच्या काळ्या सायकलीला लोखंडी सळ्यांचे ब्रेक असत. मूठ दाबली की सळ्या ओढल्या जात आणि रबराचे गुटके रिमवर दाबले जात. सारा कारभार उघड्यावर होता. कोणालाही बघून समजावा असा. आता शाळकरी पोरांच्या सायकलींनाही हबजवळ भोकाभोकांची चकचकीत पोलादी तबकडी दिसते. तिला आपण डिस्क म्हणतो. सायकल बदलली, पण ती सांभाळण्याची आपली रीत मात्र बदललेली नाही. दाराची बिजागरी कुरकुरली, घाल तेल. शिवणयंत्र अडले, घाल तेल. पाळण्याची कडी वाजली, घाल तेल. या रीतीने आजवर आपले पुष्कळ भले केले आहे. मात्र डिस्क ब्रेक वाजू लागला आणि त्यावर कोणी मायेने तेलाचे दोन थेंब सोडले, तर त्याने त्या सायकलचा ब्रेक काढून घेतला असे समजावे. मला आज मुख्यतः एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बाकीचे सारे तिच्या अनुषंगाने येईल.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय ते पाहू. चाकाच्या हबवर तबकडी घट्ट बसवलेली असते. ती चाकाबरोबर फिरते. पुढच्या चिमट्यावर, आणि मागे सांगाड्यावर, एक लहानसा जबडा बसवलेला असतो. त्याला कॅलिपर म्हणतात. या जबड्यात दोन पॅड असतात. पॅड म्हणजे लोखंडी पत्र्यावर घट्ट बसवलेला, घासण्यासाठीच बनवलेला मसाल्याचा थर. मूठ दाबली की दोन्ही पॅड मधल्या तबकडीला चिमटीत धरतात आणि चाक मंदावते. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारगाडीसाठी अशा ब्रेकचे पेटंट घेतले. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि धातूवर धातू घासून भयंकर किंचाळत. म्हणजे या ब्रेकच्या आवाजाची तक्रार ब्रेकइतकीच जुनी आहे! पुढे १९५३ साली ल मान्सची शर्यत जॅग्वार गाडीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हा मोटारींच्या जगाला त्याची खरी किंमत कळली. सायकलींत तो प्रथम डोंगरी सायकलींवर रुळला. रस्त्यावरच्या शर्यतींत त्याला पूर्ण मुभा मिळाली ती २०१८ साली.

हा खटाटोप कशासाठी? रिम जमिनीलगत असते. पावसात ती भिजते, चिखलाने माखते आणि रबराचा गुटका तिच्यावर घसरतो. तबकडी त्यामानाने उंचावर असते आणि तिच्या भोकांतून पाणी निघून जाते, म्हणून आपल्या पावसाळ्यात हा ब्रेक गुणाचा. पण या गुणाचे मोल द्यावे लागते. तबकडी लहान, बहुधा १६० मिलिमीटर व्यासाची. चाक तिच्या चौपटीहून मोठे. टायरपाशी जेवढे बळ रोखायचे, त्याच्या चौपटीहून अधिक बळ त्या चिमुकल्या तबकडीवर धरावे लागते. जागा बोटभर आणि भार एवढा. अशा ठिकाणी तेलाचा एक डागही किती महागात पडेल, हे आपल्या ध्यानात येईल.

आता थोडे गणित करू. चालवणारा ७० किलोचा, सायकल १५ किलोची. असे ८५ किलो वजन ६०० मीटर उंचीचा घाट उतरले, तर सुमारे ५ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने दीड लिटर पाण्याला आधण येईल. त्यातला काही वाटा वारा नेतो. पण चढ उभा आणि वळणे पुष्कळ असली म्हणजे बराच मोठा वाटा त्या दोन तबकड्यांना सोसावा लागतो. म्हणून उतारावर मूठ सतत अर्धवट दाबून ठेवू नये. वळणाच्या आधी नेटाने दाबावी, वेग आटोक्यात आला की सोडावी आणि तबकडीला वारा लागू द्यावा. आणि घाट उतरल्यावर तबकडीला बोट लावून पाहू नये. बोट भाजेल, आणि बोटाचा तेलकटपणा तबकडीला लागेल तो वेगळाच!

सायकलच्या इतर सर्व अंगांत घर्षण हा शत्रू आहे. साखळी, हबमधले छर्रे, पेडल यांना तेल वा ग्रीस हवेच. ब्रेकमध्ये मात्र घर्षण हाच आपला तारणहार. अडचण अशी की शत्रू आणि तारणहार चार बोटांच्या अंतरावर राहतात. मागची तबकडी साखळीच्या शेजारीच असते. साखळीवर फवाऱ्याच्या डब्याने तेल मारले की त्याचे तुषार तबकडीवर बसतात. डोळ्यांना दिसतही नाहीत. म्हणून साखळीला तेल थेंबाथेंबाने, एकेका कडीवर घालावे, उरलेले फडक्याने पुसून घ्यावे, आणि तेवढा वेळ तबकडीवर जुने वर्तमानपत्र धरावे. सायकल रॉकेलने पुसण्याची चाल अनेक घरांत आहे. ती साखळीपुरती ठेवावी. रॉकेल वाळले तरी मागे तेलकट पापुद्रा ठेवते. तबकडी पुसायला औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धुतलेले सुती फडके घ्यावे. फडके फक्त याच कामासाठी वेगळे ठेवावे.

चुकून तेल लागलेच तर? तबकडी पोलादाची आहे, ती पुसून स्वच्छ होते. पॅडचे तसे नाही. त्याचा थर तेल पिऊन घेतो. वरवर डाग असेल तर पॅड काढून पॉलिश पेपरवर हलके घासून पाहावेत. पण तेल आत मुरले असेल तर पॅड टाकून द्यावेत. गॅसवर भाजून तेल उडवण्याचा उपाय काही मंडळी सुचवतात. त्यात थर पत्र्यापासून सुटण्याची भीती असते, आणि सुटलेला थर कुठे निसटेल तर उतारावरच. नव्या पॅडचा खर्च दवाखान्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

मग ब्रेक वाजला तर काय करावे? आधी कान द्यावा. वैद्य नाडी पाहतो तसा ब्रेकचा आवाज पाहावा. पावसात भिजलेला ब्रेक पहिल्या दोनचार दाबांना ओरडतो आणि तबकडी कोरडी झाली की गप्प होतो. हा रोग नव्हे. कोरड्या रस्त्यावरही किंकाळी येते आणि पकड कमी वाटते, तेव्हा तेलाचा संशय घ्यावा. मूठ न दाबता चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच 'खस्' असा आवाज येतो, तेव्हा तबकडी कुठेतरी वाकली आहे. सारखीच घसर ऐकू येते, तेव्हा कॅलिपर मधोमध नाही किंवा चाक चिमट्यात नीट बसलेले नाही. आणि दाबताच लोखंडावर लोखंड खरवडल्याचा आवाज आला, तर पॅडचा थर संपला असे समजून सायकल तिथेच थांबवावी आणि हाताने ढकलत न्यावी.

पॅड झिजतातच, झिजणे हेच त्यांचे काम. थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की ते बदलावेत. अर्धा मिलिमीटर म्हणजे पोस्टकार्डाच्या दोन जाडींएवढा, असे ढोबळ माप धरून चाला. तबकडीही हळूहळू झिजते. नवी साधारण १.८ मिलिमीटर जाड असते. पुष्कळ तबकड्यांवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, बहुधा १.५. तिथवर आली की तिची सेवा पुरी झाली. पॅड दोन जातींचे मिळतात. राळेचे पॅड शांत असतात, चटकन पकडतात, पण पावसाळ्यातील चिखलरेतीत लवकर संपतात. धातूच्या चुऱ्याचे पॅड उष्णता आणि पाऊस अधिक सोसतात, पण आवाज करतात. काही तबकड्या केवळ राळेच्या पॅडसाठीच असतात आणि तसे त्यांवर लिहिलेले असते. खरेदीपूर्वी ते वाचावे.

आपल्याकडच्या बहुतेक साध्या सायकलींचा डिस्क ब्रेक वायरवर चालतो. त्यात बहुधा बाहेरच्या बाजूचा एकच पॅड हलतो. तो तबकडीला किंचित वाकवून आतल्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून स्थिर पॅड तबकडीला जवळजवळ टेकलेला, पण न घासणारा असावा. त्यासाठी आतल्या बाजूला फिरवण्याचा स्क्रू असतो. पुष्कळ जण पॅड झिजले की नुसती वायर ओढून घट्ट करतात. काही दिवस बरे चालते. पुढे कॅलिपरची दांडी आपल्या हालचालीच्या टोकाला पोचते आणि मूठ दाबूनही पकड येत नाही. तेव्हा आधी पॅड जवळ आणावेत, मग वायर जमवावी. कॅलिपर मधोमध आणायचा तर त्याचे दोन बोल्ट एलन कीने थोडे सैल करावेत, मूठ घट्ट दाबून धरावी म्हणजे कॅलिपर आपोआप जागेवर येतो, आणि मूठ तशीच धरून बोल्ट आळीपाळीने आवळावेत.

महागड्या सायकलींत वायरऐवजी नळीतून तेल खेळते. आत्तापर्यंत तेलाला शत्रू म्हटले, आणि येथे तेच ब्रेकच्या पोटात! पण ते पोटातच राहिले पाहिजे. काही कंपन्यांच्या ब्रेकना खनिज तेल लागते, काहींना डॉट नावाचा द्रव. एकात दुसरे घातले तर आतली रबरी वायसरे खराब होतात. चाक काढलेले असताना या ब्रेकची मूठ कधीही दाबू नये. पॅड एकमेकांना भिडतात आणि तबकडी आत जाईनाशी होते. पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी ठेवावी. मूठ स्पंजासारखी लिबलिबीत लागली तर नळीत हवा शिरली आहे. ती काढण्याचे काम सराईत मिस्त्रीचे. त्यात हौस करू नये.

नवे पॅड घातल्यावर लगेच घाटात जाणे हाही एक अविचार आहे. मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी वीसेक किलोमीटर वेग घ्यावा, चाक न अडकवता नेटाने दाबून चालण्याच्या वेगावर यावे आणि सोडावे. असे वीसेक वेळा, पुढच्या-मागच्या ब्रेकचे वेगवेगळे करावे. पॅडचा बारीक थर तबकडीवर सारखा बसतो आणि मग खरी पकड येते. दुकानातून आणलेल्या कोऱ्या सायकललाही हे लागू आहे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही.

पालकांना एक विनंती आहे. मुलाला सायकलवर बसवून त्याची बोटे मुठीभोवती नीट पोचतात का, हे पाहा. पुष्कळ मुठींना एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की मूठ दांड्याच्या जवळ येते. ब्रेक कितीही उत्तम असला तरी बोट पोचत नसेल तर तो त्या मुलापुरता नाहीच.

मिस्त्रीकडे जाण्यात कमीपणा नाही. पण काय बिघडले ते सांगता आले तर त्यालाही बरे आणि आपल्यालाही. 'ब्रेक वाजतो' एवढेच सांगणारा माणूस आणि 'चाकाच्या दर फेऱ्याला एकदा घासतो' असे सांगणारा माणूस, यांच्या कामाला लागणारा वेळ सारखा नसतो.

महिन्याभरात पाऊस येईल. त्याआधी एका रविवारी सायकल अंगणात घ्या. चाक उचलून फिरवा आणि कान द्या. पॅडमधला थर डोळ्यांनी पाहा. तबकडी स्वच्छ फडक्याने पुसा. मूठ दाबून सायकल पुढे ढकला. चाक फिरता कामा नये. मूठ दांड्याला टेकत असेल तर तशी सायकल रस्त्यावर काढू नका. या साऱ्याला पाच मिनिटे पुरतात. आणि एवढे करताना तेलाची बुधली घरातच, फळीवर ठेवा.