फुलाच्या जवळ जाऊन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण "फुलांचे इतके जवळून फोटो कसे काढता?" असे तुम्ही नेहमी विचारता, तेवढेच सांगते.

फोटोला सकाळची वेळ उत्तम. ऊन चढले की तांबडी जास्वंद फोटोत नुसता लाल डाग दिसते. सावलीत तिच्या पाकळीची शीर न् शीर उमटते. मोबाईलची काच आधी मऊ फडक्याने पुसावी. स्वयंपाकातले हात लागून ती तेलकट झालेली असते. मोबाईल फुलाला अगदी चिकटवू नये, वीतभर अंतर ठेवावे. पडद्यावर ज्या भागावर बोट टेकवावे तो भाग स्पष्ट येतो. कोपर गुडघ्यावर टेकले म्हणजे हात हलत नाही. वाऱ्याने देठ डुलत असेल तर शेजारी काडी रोवून दोऱ्याने सैल बांधावा.

मग काय दिसते म्हणाल? जास्वंदीच्या मधल्या दांड्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके दिसतात. बोगनवेलीचे आपण जे फूल म्हणतो ती रंगीत पाने. खरी फुले आत, तीन, पांढरट आणि इवलीशी. कृष्णकमळात तर अख्खे महाभारत! भोवतालचे तंतू कौरव, मधले पाच पांडव, वरचे तीन ब्रह्मा, विष्णू, महेश. ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिकडे गेलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना त्याच तंतूंत येशूचा काटेरी मुकुट दिसला आणि त्या तिघांत खिळे. फूल एकच, ज्याचा त्याचा देव त्यात उभा.

माझ्या सासूबाईंनी पन्नास वर्षे देवाची फुले खुडली. आता त्यांना जिना उतरवत नाही, नजरही अधू झाली आहे. परवा कृष्णकमळाचा फोटो मोठा करून त्यांच्यापुढे धरला. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "अगं, पांडवांच्या अंगाला ही पिवळी धूळ असते होय? मी आपली नुसती परडी भरत राहिले."

आपण सगळ्याच फुले खुडतो, ओवतो, वाहतो. पाहायला सवड नसते. चहाचे आधण ठेवण्यापूर्वी दहा मिनिटे काढून पाहा. आणि घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर फूल वेलीवरच राहू द्या, फोटो मात्र त्यांना आधी दाखवा.