दुसरं पाणी

मी कविता करणारा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, त्यामुळे गॅरेजमध्ये माझा उपयोग बॅटरी धरून उभं राहण्यापुरता. तरी आज बोलणार आहे गाडीतल्या पाण्याबद्दल, आणि त्या पाण्यात अडकून बसणाऱ्या हवेबद्दल.

आमचं गाव शेणवा. शहापूरहून किन्हवलीकडे निघालात की वाटेत लागतं. माझ्या आपाचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा मुलगा घराच्या अंगणातच गाड्या दुरुस्त करतो. गेल्या वर्षी एप्रिलात आपाच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नाशिकची तारीख मिळाली होती. आदल्या रात्री पाहतो तर गाडीच्या इंटरकूलरचा पाइप ठिबकत होता. भाच्याने पाइप बदलला, कूलंट ओतलं. डब्यातली पातळी खुणेला लागली तसा मी म्हणालो, ‘‘पुरे आता, पहाटे निघायचंय.’’ त्याने झाकण लावलं.

इंटरकूलर म्हणजे काय, तर सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं की नाही? टर्बो इंजिनात तेच होतं. दाबलेली हवा तापून कधी शंभर अंशांच्याही वर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणून इंजिनात शिरण्याआधी ती निववायची. बहुतेक गाड्यांत हे काम समोरून येणारा वाराच करतो. आमच्या गाडीत ते पाण्याने होतं. त्याचा रेडिएटर निराळा, विजेवर चालणारा पंप निराळा, फिरण्याची वाटही निराळी. डबा तेवढा इंजिनाच्या पाण्याशी सामाईक.

कसारा घाट लागला आणि गाडीला धाप लागली. दुसऱ्या गिअरवरसुद्धा ओढेना. मागे ट्रकवाला भोंगा वाजवतोय, आपा मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली. मी म्हणालो, ‘‘अरे, काटा तर जागेवर आहे.’’

‘‘मामू, तो काटा इंजिनाच्या पाण्याचा. हे दुसरं पाणी. त्याला काटाच नाही.’’

पाणी फिरत नव्हतं, हवा गरमच आत जात होती, आणि इंजिनाला इजा होऊ नये म्हणून गाडीतला कॉम्प्युटर ताकद कमी करत होता. कशीबशी इगतपुरी गाठली. तिथून आपाला घेऊन मी एसटीने नाशिकला पोचलो, तोवर नंबर निघून गेला होता. पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली. आपा काही बोलली नाही, डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली तेवढी मुठीत धरून बसली. घाई माझी होती, हे मी त्या दिवशी कोणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

हवा अडकली की पाणी का फिरत नाही, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटार नुसतीच घरघरते, पाणी उचलत नाही. मग तो बोळ्यातून पाणी ओतून आधी हवा काढतो. पंपाचा पंखा पाणी ढकलतो, हवेत तो नुसता फिरत राहतो. आणि हवा बसते ती नेहमी उंचवट्यावर. तानसाचं पाणी १८९२ सालापासून आमच्या तालुक्यातून मुंबईला जातं. त्या मोठ्या नळांवर उंचवट्याच्या जागी हवा सुटण्याचे व्हॉल्व्ह बसवलेले असतात. (उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात, ती गोष्ट वेगळी. ती मी दुसऱ्या भाषणात सांगेन.)

शुक्रवारी संध्याकाळी भाचा पुन्हा कामाला लागला. आधी गाडी पूर्ण निवू दिली. या बाबतीत आमच्या घरात कोणी वाद घालत नाही. अब्बा जीप चालवायचे. एकदा त्यांनी तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं. झाकणाच्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की एका क्षणात त्याची वाफ होऊन उसळते. मनगटापासून कोपरापर्यंतचा तो डाग आम्ही भावंडांनी जन्मभर पाहिला.

मग गाडीचं तोंड अंगणाच्या चढाकडे केलं, म्हणजे डबा सर्वांत उंच येतो. वरच्या पाइपावरचा हवेचा स्क्रू सैल केला. कूलंट त्या गाडीला चालणारंच, त्यात अर्धं डिस्टिल्ड वॉटर. विहिरीच्या पाण्याने आत क्षार धरतात. धार अगदी बारीक. मध्येच थांबून पाइप हाताने दाबायचा, सोडायचा. स्क्रूपाशी आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुडे. अखंड धार लागल्यावर स्क्रू आवळला. त्यानंतर स्कॅनर लावून पंप बराच वेळ चालवला. डब्यातली पातळी बसकन खाली गेली, पुन्हा भरली. मोठ्या वर्कशॉपमध्ये आधी सगळी हवा ओढून घेतात आणि त्या पोकळीतच कूलंट शोषू देतात. आमच्याकडे ते यंत्र नाही, वेळ आहे. बॅटरी धरून माझा हात भरून आला, पण या वेळी मी ‘पुरे’ म्हणालो नाही. सांडलेलं तेवढं लगेच पुसून घेतलं. कूलंट चवीला गोड आणि विषारी. अंगणात कोंबड्या असतात.

ठरल्या दिवशी गाडी घाट तिसऱ्या गिअरवर चढली. मागून आपा म्हणाली, ‘‘इथंच ना तो ट्रकवाला भोंगा वाजवत होता?’’

डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ती घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने बॉनेट उघडलं. पातळी नखभर उतरली होती. त्याने तेवढं कूलंट घातलं आणि मला म्हणाला, ‘‘मामू, अजून थोडी होती आत.’’