काठी घ्यावी हात पाहून



आज मी बोलणार आहे ते मासे धरण्याच्या एका काठीविषयी. पनवेलच्या माणसाला गळ टाकायला आता कुणी शिकवावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटेल. खाडी दाराशी, गाढी आणि काळुंद्रे गावाजवळून वाहणाऱ्या. पोर जरा उंबऱ्याबाहेर पडले की हातात काठी, दोरा आणि डब्यात गांडुळे! कुठे गळ म्हणतात, कुठे गरी म्हणतात, पण विद्या तीच. ती मी सांगत नाही. मी सांगतो आहे ती तिची लांबची बहीण. तिच्यात आमिष नसते. पिसे आणि रेशीम गुंडाळून गळालाच माशीचे किंवा किड्याचे रूप देतात आणि ती खोटी माशी पाण्यावर अलगद नेऊन ठेवतात. याला फ्लाय फिशिंग म्हणतात. माशीने मासा धरायचा, असा हा प्रकार.

हे सांगायला निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तळोज्याच्या एका कारखान्यात तो कामाला लागला आणि पहिल्या तीन पगारांतून पैसे बाजूला टाकून त्याने मुंबईहून अशी एक काठी आणली. दुकानदाराने सांगितले, "यापेक्षा वरची आमच्याकडे नाही." झाले! पाऊस उघडल्यावर, पाणी निवळल्यावर, आम्ही नेऱ्याच्या पुढे गाढीवर गेलो. दोन रविवार गेलो. दोरा कधी त्याच्या पाठीत बसे, कधी करंजाच्या फांदीत अडके, कधी पुढे पाण्यात गोळा होऊन पडे. मागे फटाके वाजावेत तसे आवाज येत आणि दर आवाजाला एक माशी तुटून जाई. दुसऱ्या रविवारी दुपारी त्याने खांदा चोळत काठी पिशवीत घातली आणि म्हणाला, "मामा, हे आपल्या हाताचं काम नाही. विकून टाकतो."

पैसे गेले याचे मला तितके वाटले नाही. पोराने आपल्या हाताला दोष दिला, हे मला लागले. शाळेतल्या गुरुजींना हे चटकन कळेल. मूल डावखुरे असते आणि आपण त्याच्या उजव्या हातात पेन्सिल देऊन "अक्षर वाईट आहे" म्हणतो, तशातली ही गत.

आता यात चुकते कुठे, ते बघू. आपल्या नेहमीच्या गळाला शिशाचा तुकडा असतो. तो भिरकावला की त्याच्या मागे दोरा जातो. या प्रकारात पिसांच्या माशीला वजनच नाही. वाऱ्यावर फेकली तर आपल्याच तोंडावर येईल. म्हणून येथे वजन दोऱ्याला दिलेले असते. दोरा जाड आणि जड असतो, आणि तोच फेकायचा असतो. काठी वर उचलून मागे न्यायची. दोरा पाठीमागे हवेत सरळ होऊ द्यायचा. तो सरळ झाला की त्याच्या ओढीने काठी धनुष्यासारखी वाकते. मग पुढे आणायची, की ती आपली आपण दोरा पुढे सोडते. खरी गोम त्या मधल्या थांबण्यात आहे. दोरा मागे उलगडण्याआधीच हात पुढे आला, तर आसुडासारखा फटकारा बसतो आणि माशी तुटते. हात फार वेळ थांबला, तर दोरा मागच्या गवतात पडतो. किती थांबायचे हे घड्याळ सांगत नाही, काठी सांगते. मुठीत तिचे वाकणे कळले पाहिजे. ते कळत नसेल, तर शिकणारा काय करील? घाई करील आणि जोर लावील. भाच्याने तेच केले.

काठ्या ढोबळ मानाने तीन तऱ्हेच्या मिळतात. एक ताठ, ती फक्त शेंड्याशी वाकते आणि झटकन सरळ होते. दुसरी मध्यम, ती अर्ध्यापर्यंत वाकते. तिसरी मऊ, ती जवळजवळ मुठीपर्यंत वाकते आणि सावकाश सरळ होते. ताठ काठीने मुरलेला माणूस वाऱ्यातसुद्धा लांब फेकतो, म्हणून दुकानात तिची वाहवा होते. पण ती बोलते हळू आणि तेही फार थोडा वेळ. नवशिक्याच्या कानाला ते ऐकूच येत नाही. मऊ काठी मोठ्याने बोलते.

शिवाय काठीवर एक आकडा असतो. दोरा किती जड असावा, याची ती खूण. अमेरिकेतल्या साहित्य बनवणाऱ्यांच्या संघटनेने १९६१ साली हे आकडे ठरवून दिले. दोऱ्याच्या पुढच्या तीस फुटांचे वजन त्यात धरतात. ५ नंबरच्या दोऱ्याचे ते वजन सुमारे ९ ग्रॅम भरते, ८ नंबरच्या दोऱ्याचे साडेतेराच्या वर. भाच्याची काठी होती ८ नंबरची आणि ताठातली ताठ. खाडीतल्या मोठ्या जिताड्यासाठी ती ठीक. गाढीतल्या बोटभर खवल्यांसाठी आणि शिकाऊ खांद्यासाठी ती म्हणजे बिनीच्या बैलाचे जू वासराच्या मानेवर.

मग मी एक उद्योग केला. माझ्या परिचयाच्या एका पेन्शनर गृहस्थांकडे फायबरग्लासची जुनी काठी होती, नऊ फुटांची, ६ नंबरची. ती मागून आणली. गावच्या मैदानात, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधून, मी तिघांना दोन्ही काठ्या फेकायला दिल्या. एक भाचा. दुसरी त्याची धाकटी बहीण, जिने आयुष्यात गळ हातात धरला नव्हता. तिसरे आमच्या शेजारचे काका. त्यांचा सारा जन्म खाडीत पाग टाकण्यात गेला.

काकांनी मऊ काठीवर तिसऱ्या खेपेला दोरा असा सरळ पाडला, की आम्ही बघतच राहिलो. मी विचारले, "काका, हे कसं जमलं?" ते म्हणाले, "अरे, जालं सुद्धा हवेत उघडेपर्यंत थांबायलाच लागतं ना!" मुलीलाही लवकर जमले. ती रोज सुपाने तांदूळ पाखडते. वर उडवायचे, थांबायचे, झेलायचे, हा ठेका तिच्या मनगटात आहेच. ताठ काठी मात्र तिने दोनदा फेकून परत दिली. "हिच्यात काही कळतच नाही, मामा," म्हणाली.

भाचा जलद गोलंदाज. त्याचा हात मुळातच वेगाचा. अगदी मऊ काठी त्याच्या हातात लटपटली. हात थांबला तरी ती मागेपुढे डोलत राही आणि दोऱ्याला नागमोडी वळणे पडत. म्हणून "नवशिक्याने मऊच काठी घ्यावी" असे सरसकट सांगणारे मला पटत नाहीत. ज्याचा हात सावकाश आणि लयीत चालतो त्याला मऊ. ज्याचा हात वेगाचा आहे त्याला मध्यम, पण ५ किंवा ६ नंबरच्या वर नाही. ताठ काठी पहिल्या वर्षी कुणालाच नको. आणि आधीच घेऊन बसला असाल, तर तिला एक नंबर जड दोरा चढवून बघा. ती थोडी अधिक वाकते आणि हाताला कळू लागते. आम्ही पुढे तसे केले, आणि निम्मे काम झाले.

गुरुजींना एक प्रयोग सांगतो. विज्ञानाच्या तासाला चालेल. दोन काठ्या शेजारी शेजारी आडव्या धरून मुठी टेबलाला घट्ट बांधा. शेंड्याला हलकी पिशवी अडकवा आणि तिच्यात एकाच तऱ्हेची रुपयाची नाणी एकेक करून टाका. शेंडा काठीच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत किती नाणी लागली, ते मोजा. जिला कमी नाणी लागली ती मऊ. दुकानदाराच्या तोंडी शिफारशीपेक्षा हा हिशेब बरा. दुकानात काठी नुसती हलवून मात्र फारसे कळत नाही. दोरा चढवून उघड्या जागी फेकून बघू देईल, त्याच दुकानदाराकडून घ्यावी.

हे सारे साहेबी खूळ आहे, असेही कुणी म्हणेल. पण आपल्याच दख्खनवर राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला, आणि त्यात 'मत्स्यविनोद' नावाचा भाग आहे. माशांचे प्रकार कोणते, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, गळाने त्याला कसा धरावा, हे राजा तेथे सांगतो. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली त्यावर लेखही लिहिला. दुसरी गोष्ट बांबूची. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडात चिरलेल्या बांबूच्या कामट्या चिकटवून ज्या नामांकित काठ्या बनत, त्यांना आरंभी आपल्या हिंदुस्थानचा बांबू जाई. कलकत्त्याहून जाई म्हणून त्याला 'कलकत्ता केन' म्हणत. तो म्हणजे आपल्या सह्याद्रीतही होणारा, लाठीचा, भरीव मानवेल. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला, दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आणि १९७० नंतर कार्बन.

म्हणून ज्याला विकतची काठी परवडत नाही, त्याने हातपाय गाळू नयेत. जपानात डोंगरी ओढ्यांवर रीळ नसलेल्या लांब काठीने, शेंड्यालाच दोरा बांधून, पिसांची माशी फेकतात. त्याला तेनकारा म्हणतात. आपल्याकडे दहा-अकरा फुटांचा बारीक, वाळलेला, शेंड्याकडे निमुळता बांबू घ्यावा, तितकाच लांब दोरा बांधावा, पुढे हातभर बारीक नायलॉन आणि कोंबड्याच्या पिसाची माशी. बांबू पारखताना मूठ धरून शेंडा हलवावा. हलणे मधल्या पेरापर्यंत उतरले तर ठेवावा; नुसताच शेंडा थरथरला तर कुंपणाला लावावा. थांबायचे कसे ते पोर या काठीवर शिकते.

दोन-चार गोष्टी जाता जाता. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय खरा गळ फेकू नये; डोळा एकदा गेला की गेला. गळाचे उलटे टोक चिमट्याने दाबून टाकावे, म्हणजे माशालाही सोडता येते आणि आपल्या बोटातूनही निघतो. तळ्याचा किंवा धरणाचा ठेका ज्या सोसायटीकडे असेल, तिला विचारावे. आणि पहिल्या पावसात मासे वळगणीला चढतात, पोटात अंडी असतात, तेव्हा ही काठी घरीच असू द्यावी. खडस, म्हणजे महाशीर, आपल्या नद्यांत पूर्वीसारखा राहिलेला नाही. लोणावळ्याला वळवणच्या तळ्यावर टाटांनी १९७० च्या दशकापासून त्याची पैदास चालवली आहे. इतके करून वाढवलेला मासा गळाला लागलाच, तर हात ओला करून त्याला पाण्यातच सोडवावे.

भाच्याने काठी विकली नाही. पेन्शनर गृहस्थांची ६ नंबरची त्याच्याकडेच राहिली आहे. त्यांनीच "राहू दे" म्हटले. चौथ्या रविवारी नेऱ्याच्या डोहात त्याला एक खवली लागली, करंगळीएवढी, आणि त्याने ती सोडण्याआधी मला तीनदा दाखवली. बहिणीला त्या दिवशी चार मिळाल्या, हे तो सांगत नाही. ८ नंबरची पिशवी त्याने खुंटीला टांगली आहे. खाडीत जिताडा आला का, असे शेजारच्या काकांना तो दर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला विचारतो, आणि काका सांगतात, "जिताडा आहे रे, आधी तुझा हात येऊ दे."