उपग्रहाची साक्ष आणि शहराची जमीन

(नगररचना व भूमापन विषयाच्या प्रशिक्षणार्थींपुढे दिलेले भाषण)



सातबाराच्या उताऱ्यावर ‘पड’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर प्रत्यक्षात चार मजली इमारत उभी आहे, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना येईल. कागद मागे राहतो आणि शहर पुढे जाते. हे अंतर कमी करण्याचे एक प्रभावी साधन म्हणजे उपग्रहांद्वारे होणारे दूरसंवेदन. मात्र त्याची शक्ती आणि मर्यादा या दोन्ही ओळखूनच ते हाती घेतले पाहिजे.

१९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या प्रतिमेतील एक ठिपका सुमारे ८० मीटर लांबीरुंदीचा, म्हणजे दीड एकराहून मोठा होता. मार्च १९८८ मध्ये भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह कार्यान्वित झाला. २०१५ पासून सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमा विनामूल्य मिळू लागल्या. त्यांतील ठिपका १० मीटरचा, म्हणजे जवळजवळ एक गुंठ्याचा आहे. आपला शेतकरी ज्या मापाने जमीन मोजतो, त्या मापापर्यंत ही दृष्टी येऊन पोहोचली आहे.

हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करतात. म्हणून अशा प्रतिमांत झाडी लाल रंगात दाखविण्याची प्रथा आहे. पाणी काळसर, तर इमारती व रस्ते निळसर-करडे दिसतात. निरनिराळ्या वर्षांच्या दोन प्रतिमा एकमेकींवर अचूक बसविल्या की लाल कोठे करडे झाले, ते लगेच ध्यानात येते. त्यावर गाव नकाशा ठेवला की बदल कोणत्या सर्व्हे नंबरात झाला, तेही कळते.

ठाणे खाडीचे उदाहरण घ्या. एका बाजूस मुंबई व दुसऱ्या बाजूस नवी मुंबई वाढत गेली आणि किनाऱ्यावरील खारफुटीवर जागोजागी भराव पडले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील खारफुटीच्या तोडीस व तेथे राडारोडा टाकण्यास मनाई केली. उपग्रह-प्रतिमांच्या आधारे खारफुटीचे नकाशे तयार करण्याचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. ‘येथे खारफुटी कधी नव्हतीच’ असे भराव टाकणारा म्हणू शकतो. त्या वादात तारीख असलेली जुनी प्रतिमा ही साक्षीदार ठरते. २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने नष्ट झालेली खारफुटी पुन्हा उभी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. पूर्वी ती कोठे होती, हे ठाऊक असल्याखेरीज ही जबाबदारी पार कशी पडणार?

परंतु साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते. भरतीच्या वेळी जी जागा पाणी दिसते, तीच ओहोटीला चिखलाची जमीन दिसते. दोन प्रतिमा निरनिराळ्या वेळच्या असतील, तर न झालेला भरावही नकाशावर उमटेल. कापणी झालेले शेत आणि बांधकामासाठी सपाट केलेली जागा बरीचशी सारखीच भासते. पावसाळ्यात तर ढगांमुळे जमीन दिसतच नाही. प्रतिमा नकाशावर एक ठिपकाभर सरकून बसली, तरी निष्पाप माणसाच्या बांधावर अतिक्रमणाचा शिक्का बसू शकतो.

म्हणून माझे आपणास आग्रहाचे सांगणे आहे. शक्यतो एकाच ऋतूतील प्रतिमांची तुलना करा. खाडीकाठी भरती-ओहोटीची वेळही पाहा. नकाशावर संशयाची खूण करा, परंतु जागेवर जाऊन पाहणी केल्याशिवाय नोटीस काढू नका. तलाठ्यास बरोबर घ्या. खाडीत पिढ्यान्‌पिढ्या होडी घालणाऱ्या कोळी बांधवांना विचारा. पाणी पूर्वी कोठवर येत होते, हे ते बोट दाखवून सांगतील. आपली पाहणी तारखेसह नोंदवून ठेवा.

शहर वाढणारच. ते कोणाच्या जमिनीवर आणि कशाची किंमत देऊन वाढत आहे, हे वेळीच दाखवून देणे आपल्या हाती आहे. भराव पडून पाच वर्षे लोटल्यावर काढलेला नकाशा केवळ इतिहास सांगतो. पहिला ट्रक रिकामा होतो तेव्हाच काढलेला नकाशा खाडी वाचवू शकतो.