तळाशी गेलेले तेल

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



पोवळे आपल्याला परिचित आहे ते नवरत्नांपैकी एक म्हणून. वस्तुतः तो दगड नव्हे. सूक्ष्म सागरी जीवांच्या वसाहतीने रचलेला तो सांगाडा आहे. उथळ, उबदार पाण्यातील प्रवाळे आपण चित्रांत पाहतो. त्यांचेच काही आप्त हजार-दीड हजार मीटर खोलीवर, गारठ्यात आणि अंधारात, पाण्यातून वाहत येणाऱ्या अन्नकणांवर जगतात. त्यांची वाढ इतकी मंद, की काही वसाहतींचे वय शेकडो वर्षे भरते.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले. सुमारे १,५०० मीटर खोलीवरील विहिरीतून ८७ दिवस तेल उसळत राहिले. न्यायालयाने ग्राह्य धरलेला आकडा ३१.९ लाख पिंपांचा आहे.

जगाने पाहिले ते काळवंडलेले किनारे आणि तेलात माखलेले पक्षी. परंतु सारे तेल वर आलेच नव्हते. काही खोल पाण्यातच ढगासारखे पसरले, काही गाळाबरोबर तळाशी बसले. किनारे वाचावेत म्हणून तेलाचे बारीक थेंब करणारे सुमारे २९ लाख लिटर रसायन थेट विहिरीच्या मुखाशी सोडण्यात आले. पुढे प्रयोगशाळेत मात्र खोल समुद्रातील काही प्रवाळांना हे रसायन तेलाहूनही घातक ठरले.

नोव्हेंबर २०१० मध्ये विहिरीच्या नैर्ऋत्येस ११ किलोमीटरवर, १,३७० मीटर खोलीवर, शास्त्रज्ञांना तपकिरी लगद्याने झाकलेली प्रवाळे आढळली. त्या लगद्यातील तेल याच विहिरीचे असल्याचे रासायनिक परीक्षणातून निष्पन्न झाले. पुढील सात वर्षे एकेका वसाहतीची छायाचित्रे घेण्यात आली. थोडी इजा झालेल्या काही वसाहती सावरल्या. जबर जखमी झालेल्यांच्या फांद्या मोडतच राहिल्या.

२०१६ मध्ये ‘बीपी’ कंपनीशी २,०८० कोटी डॉलरची तडजोड झाली. दंड वसूल होतो. शतकांची वाढ वसूल होत नाही.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. ‘मुंबई हाय’ तुलनेने उथळ पाण्यात आहे. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यात आपणही खोल समुद्रात उतरलो आहोत. देशाला इंधन हवे, हे निर्विवाद. म्हणूनच विहीर खणण्यापूर्वी तळाची बारकाईने पाहणी व्हावी आणि तिची नोंद जनतेसमोर यावी. आधी काय होते हेच ठाऊक नसेल, तर काय गमावले हे कोण सांगणार?