थोडं पडतो, बरं वाटेल
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी डॉक्टर नाही. सगळी नोकरी बँकेत झाली. पण मेंदूच्या नुकसानीची किंमत मी स्वतः मोजली आहे, म्हणून चार शब्द बोलतो.

तीन वर्षांपूर्वी सकाळी सहाच्या चहाला माझ्या उजव्या हातातून कप निसटला. जीभही जड झाली. ही म्हणाली, "अहो, डॉक्टरांकडे जाऊ या." मी म्हटलं, "थोडं पडतो, बरं वाटेल." उठलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि हात उचलत नव्हता. हॉस्पिटलमध्ये पहिला प्रश्न आला, "सुरुवात किती वाजता झाली?" मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. माझी वेळ झोपेत गेली होती.

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्के तो एकटा वापरतो. बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्याच्या खात्यात शिल्लक नसते. रोजची आवक, रोजचा खर्च. रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर काही मिनिटांत पेशी मरू लागतात. म्हणूनच बुडालेल्या किंवा हृदय बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूलाही धोका असतो.

पक्षाघात दोन प्रकारचा. एकात रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटून रक्तस्राव होतो. कोणता प्रकार आहे ते स्कॅन केल्याशिवाय कळत नाही, म्हणून घरच्या घरी रक्त पातळ करायची गोळी देऊ नका. खायला-प्यायलाही देऊ नका, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. वाढलेलं ब्लडप्रेशर, मधुमेह आणि तंबाखू ही याची मोठी कारणं.

दुसरं नुकसान बाहेरून होतं: अपघात, पडणं. दुधाची पिशवी आणायला जातानाही हेल्मेट घाला. ज्येष्ठांनी एक लक्षात ठेवावं. बाथरूममध्ये पडून डोक्याला मार लागला, तर कधी कधी आत हळूहळू रक्त साचतं आणि काही आठवड्यांनी चाल बिघडते, बोलण्यात गोंधळ होतो. "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. याशिवाय मेंदूज्वर, गाठ आणि वर्षानुवर्षांची दारू, यांनीही मेंदूचं नुकसान होतं.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, चेहरा एका बाजूला ओढला जातो का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का? एखादं वाक्य बोलायला सांगा, अडखळतं का? यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघून ठेवा आणि 108 ला फोन करा. लक्षणं आपोआप गेली तरी हॉस्पिटल गाठा, तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

बँकेत मी आयुष्यभर लोकांच्या सह्या पडताळल्या. आता माझीच सही जुळत नाही. डाव्या हाताची नवी सही बँकेत नोंदवावी लागली.

पंचवीस वर्षं आपण शेजारी आहोत. तेव्हा दोन विनंत्या. अँब्युलन्स आत येईल इतकी गेटजवळची जागा मोकळी ठेवा. आणि रात्री दोन वाजता काही झालं तरी "एवढ्या रात्री कशाला त्रास" म्हणू नका. माझी बेल वाजवा. मी जागा होईन.